डार्क मॅटर हे खगोलशास्त्राचं सस्पेन्स खातं आहे का?

नमस्कार काका,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही इंदूरला सुदामानगरात राहता, बँकेतून निवृत्त झालात, नात अकरावीत आहे. विश्वातलं बहुतेक द्रव्य न दिसणारं, म्हणजे डार्क मॅटर, आहे असं तिनं कुठंतरी वाचलं आणि तुम्हाला विचारलं. तुम्हाला आठवली शाखेतली जुनी पद्धत. दिवसअखेर जमाखर्च जुळला नाही की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची. "दिसत नाही, सापडत नाही, पण हिशेब जुळायला हवं तेवढंच नेमकं असतं. मग हे सस्पेन्स खातंच नाही का?" असं तुम्ही विचारलंत.

मी इंदूरचीच. दीर्घिकांमधल्या, म्हणजे गॅलक्सींमधल्या, हायड्रोजन वायूचा वेग मोजण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, आता इथंच एम.एस्सी.च्या मुलांना शिकवते. ज्या वहीत ही तफावत पहिल्यांदा ठळक दिसली, ती वही मी रोज हाताळलेली आहे. त्यामुळे तुमची शंका मला अजिबात उद्धट वाटली नाही. ती रास्तच आहे. फक्त ती कुठं लागू पडते आणि कुठं नाही, हे नीट बघायला हवं.

सस्पेन्सच्या नोंदीची ओळख काय? तुम्हीच विचार करून बघा. ज्या वहीत घोळ, त्याच वहीतून ती रक्कम निघते. राजवाडा शाखेतला फरक आणि महूच्या शाखेतला फरक यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आता समजा चार शाखांमध्ये चार वेगळ्या माणसांनी, वेगळ्या पद्धतीनं, एकमेकांच्या वह्या न बघता हिशेब केला आणि चौघांकडे व्यवसायाच्या प्रमाणात तीच तफावत निघाली. तर तुम्ही सस्पेन्स म्हणून सोडून द्याल का? तुम्ही म्हणाल, कुठंतरी खरा पैसा आहे, फक्त आपल्या नोंदीत नाही. म्हणून "एका वहीत फरक आहे का" हा मुद्दा मी दुय्यम मानते. वेगवेगळ्या वह्यांतली रक्कम जुळते का, हा खरा प्रश्न.

आधी एक गोष्ट कबूल करते. "सिद्ध झालंय का?" याचं उत्तर तुम्ही सिद्ध कशाला म्हणता यावर आहे. त्याचा कण प्रयोगशाळेत पकडून दाखवा म्हणाल, तर नाही, आजपर्यंत कुणालाही जमलेलं नाही. न दिसणारं वस्तुमान आहे, किती आहे आणि कुठं आहे हे मोजलंय का म्हणाल, तर हो, अनेक मार्गांनी. "ते काय आहे" आणि "ते किती आहे" हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो.

नावानंही घोळ केलाय. मराठीत आपण कृष्णद्रव्य म्हणतो, आणि डोळ्यांपुढे काजळासारखं काहीतरी येतं. काजळ उजेड शोषतं. डार्क मॅटर उजेड शोषत नाही, परतवत नाही, स्वतः देतही नाही. प्रकाश त्यातून सरळ आरपार जातो. ते काळं नाही, पारदर्शक आहे. नातीला हे आवर्जून सांगा, कारण काळी धूळ असती तर मागचे तारे झाकले गेले असते आणि आपल्याला ती केव्हाच सापडली असती.

आता माझी वही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं फिरते, आणि तीसपट लांब असलेला नेपच्यून फक्त साडेपाच किलोमीटर वेगानं. सगळं वस्तुमान मध्यभागी एकवटलेलं असलं की लांब जावं तसा वेग उतरत जातो. दीर्घिकेतही उजेड मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असतो. तेव्हा कडेला वेग उतरायला हवा. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतले वेग प्रसिद्ध केले, आणि १९८० मध्ये नॉर्बर्ट थोनार्ड यांच्यासह २१ सर्पिल दीर्घिकांचे. वेग उतरत नव्हता.

पण ताऱ्यांचा उजेड लवकर संपतो. त्याच्या पुढं काय चाललंय हे सांगतो हायड्रोजन वायू. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी सोडतो. व्हॅन डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केलं आणि १९५१ मध्ये त्या लहरी प्रत्यक्ष सापडल्या. दीर्घिकेची तबकडी जिथं डोळ्यांना संपलेली दिसते, तिच्या कितीतरी पुढपर्यंत हा वायू पसरलेला असतो. आल्बर्ट बोस्मा यांच्या १९७८ च्या प्रबंधात अशा बऱ्याच दीर्घिकांचे वेग बाहेरच्या कडेपर्यंत मोजलेले आहेत. माझ्या मते या विषयातला तो खरा पाया आहे. रुबिनबाईंचं नाव लोकांना माहीत असतं, या कामाचं नसतं, आणि याची मला कायम खंत वाटते.

हे आम्ही मोजतो कसं? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या. स्थिर हायड्रोजनची लहर १४२०.४ मेगाहर्ट्झला येते. दीर्घिका फिरत असली की तिची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, आणि दोन्हीकडची लहर थोडी थोडी सरकते. त्या सरकण्यावरून वेग कळतो. रात्रभर निरीक्षण, मग कित्येक आठवडे त्यातला गोंगाट काढणं, आणि शेवटी दीर्घिकेच्या प्रत्येक वलयाचा एक वेग.

आणि इथं चुका होतात. आपल्याला फक्त आपल्या दिशेचा वेग दिसतो. तबकडी किती कललेली आहे यावरून खरा वेग काढावा लागतो. कल ३५ अंश असताना तुम्ही ३० धरलात, तर वेग सुमारे १५ टक्क्यांनी जास्त निघतो, आणि वस्तुमान वेगाच्या वर्गानं वाढत असल्यामुळे ते ३० टक्क्यांहून अधिक फुगतं. त्यातून बऱ्याच तबकड्या कडेला वाकलेल्या असतात, नेमक्या जिथं आपला सगळा मुद्दा असतो तिथं. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मला एक दीर्घिका मिळाली होती. कडेकडे तिचा वेग वाढतच चालला होता. दोन आठवडे मी हरखून गेले होते. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं शांतपणे विचारलं, "प्रत्येक वलयाचा कल वेगळा काढलास का?" काढला नव्हता. काढल्यावर वर चढणारी रेषा आडवी झाली. पण आडवीच झाली, खाली आली नाही. त्या दिवसापासून मला या वहीचं बळ आणि मर्यादा दोन्ही ठाऊक आहेत. आमच्या चुका तीस-चाळीस टक्क्यांच्या असतात आणि तफावत चारशे टक्क्यांची.

उदाहरण घ्या. एनजीसी ३१९८ ही दीर्घिका. केंद्रापासून सुमारे १ लाख प्रकाशवर्षांपर्यंत तिच्या वायूचा वेग सेकंदाला १५० किलोमीटरच्या आसपास राहतो. वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक. एवढ्या गणितानं आतलं वस्तुमान निघतं: १५ हजार कोटी सूर्यांच्या घरात. तारे आणि वायू यांना जास्तीत जास्त झुकतं माप दिलं तरी न दिसणारं वस्तुमान दिसणाऱ्याच्या किमान चौपट निघतं. १९८५ मधलं हे विश्लेषण आमच्याकडे अजून शिकवलं जातं, कारण त्यात ताऱ्यांची बाजू मुद्दाम शक्य तितकी जड धरली होती.

उजेड आणि वजन वेगळं कसं, हे सांगायला मी वर्गात अनंत चतुर्दशीच्या रात्रीचं उदाहरण देते. आपल्याकडे गिरण्यांच्या झांक्या निघतात. लांबून दिसतात ते फक्त दिवे. दिव्यांवरून झांकी कुठं आहे ते कळतं. पण वजन दिव्यांत नसतं. ते खालच्या गाडीत, लोखंडी सांगाड्यात असतं. चढावर गाडी किती जोर लावते हे बघितलं तरच त्या वजनाचा अंदाज येतो.

तरी एवढ्यावर मी थांबले असते तर तुमची शंका टिकली असती. ही एकच वही आहे, आणि गुरुत्वाकर्षणाचा नियमच कडेला वेगळा चालत असेल असं कुणी म्हणालं, तर माझ्या हायड्रोजनकडे त्याला चोख उत्तर नाही. हे मी मनापासून सांगते, कारण लोकप्रिय लेखांमध्ये सगळा भार याच एका पुराव्यावर टाकलेला असतो.

मध्येच एक शंका मिटवून टाकते, कारण ती वर्गात हमखास येते: एवढं द्रव्य आहे तर आपल्या घरात का जाणवत नाही? कारण ते कमालीचं विरळ आहे. सूर्याच्या आसपासची त्याची घनता घेतली, तर अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानात ते अर्धा ते पाऊण किलोच्या आसपास भरतं. नेपच्यूनच्या कक्षेच्या आतलं सगळं धरलं तरी सूर्यापुढे ते नगण्य. म्हणून ग्रहांच्या हिशेबात ते येत नाही. पण ताऱ्यांमधल्या पोकळीत, लाखो प्रकाशवर्षं, सगळीकडे तेवढंच विरळ पसरलं की बेरीज ताऱ्यांच्या वर जाते.

दुसरी शाखा: दीर्घिकांचे गुच्छ. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये अरुंधती केश तारकासमूहातल्या कोमा गुच्छाचा हिशेब केला. तिथल्या दीर्घिका इतक्या वेगानं धावत होत्या की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर गुच्छ टिकलाच नसता. त्यांनी काढलेली तफावत जवळपास चारशेपट होती. ती चुकीची होती, कारण विश्वाच्या प्रसरणाचं तेव्हाचं माप बरंच चुकलेलं होतं. शिवाय गुच्छांमध्ये भरलेला तप्त वायू त्यांना दिसणं शक्य नव्हतं. तो क्ष-किरणांत दिसतो आणि तारे मिळून भरतात त्याच्या कितीतरी पट भरतो. म्हणजे सस्पेन्समधली काही रक्कम खरंच साध्या द्रव्याच्या खात्यात वळती झाली. हे मी लपवणार नाही. पण सगळी झाली नाही.

कारण तो वायू स्वतःच एक तराजू आहे. त्याचं तापमान कोमा गुच्छात जवळपास १० कोटी अंश आहे. इतका तापलेला वायू धरून ठेवायला जेवढं गुरुत्वाकर्षण लागतं, तेवढं वस्तुमान तिथं हवंच. तिसरा तराजू म्हणजे गुरुत्वीय भिंग. वस्तुमानाजवळून जाताना प्रकाश वळतो, आणि गुच्छामागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा ताणून कमानीसारख्या दिसतात. किती ताणल्या यावरून वजन निघतं. इथं कोण किती वेगानं फिरतंय याचा संबंधच नाही. दीर्घिकांची धावपळ, वायूचं तापमान, प्रकाशाचं वळणं या तिन्ही रीती स्वतंत्र आहेत आणि उत्तर जवळपास एकच: साध्या द्रव्याच्या एका वाट्यामागे न दिसणाऱ्याचे पाच ते सहा वाटे. हे गुणोत्तर लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

याच शाखेतलं बुलेट क्लस्टर तुम्ही वाचलं असेल. दोन गुच्छ एकमेकांवर आदळून आरपार गेले. दीर्घिका विरळ असतात, त्या एकमेकींमधून निघून गेल्या. वायू मात्र एकमेकांत घासला आणि मध्ये मागे राहिला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या चंद्रा वेधशाळेनं तो मध्ये अडकलेला वायू दाखवला. साध्या द्रव्याचा मोठा हिस्सा तोच, म्हणून फक्त गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलला असता तर भिंगाचा जोर मध्येच दिसायला हवा होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशात तो दोन्ही बाजूंना, दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलेला दिसला. पैसा एका तिजोरीत आणि पावत्या दुसरीकडे, असं प्रत्यक्ष दिसलं. या एकट्या गुच्छावर सगळी इमारत उभी करू नये असं मला वाटतं, कारण टक्कर गुंतागुंतीची आहे. पण पत्ता वेगळा असणं ही गोष्ट आकड्याच्या फरकापेक्षा फार वेगळी आहे.

आता जिच्यामुळे मी स्वतः निःशंक झाले ती वही. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना पहिल्यांदा पारदर्शक झालं. त्या वेळचा उजेड आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात सगळ्या दिशांनी येतो. १९६५ मध्ये तो सापडल्याचं जाहीर झालं. त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश, आणि दिशेदिशेला त्यात फरक फक्त लाखात एक भाग. हे बारीक डाग १९९२ मध्ये कोबी उपग्रहानं दाखवले, मग डब्ल्यूमॅप आणि प्लांक या उपग्रहांनी बारकाईनं मोजले.

ते डाग म्हणजे गोठलेला नाद आहे. पारदर्शक होण्याआधी प्रकाश आणि साधं द्रव्य एकमेकांत मिसळून एकच दाट द्रव होता. जिथं द्रव्य थोडं जास्त, तिथं गुरुत्वाकर्षण ते आत खेचायचं, प्रकाशाचा दाब बाहेर ढकलायचा. या खेचाखेचीत लहरी उठल्या. मूळ सूर, त्याचे उपसूर. डागांच्या मोजमापात ते शिखरांसारखे दिसतात. पहिलं शिखर आकाशात सुमारे एक अंशाच्या डागांशी येतं, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट रुंदीशी.

इथं मला तबला आठवतो. साध्या चामड्याच्या पुडीचे उपसूर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोल घुमतो पण सुरात लागत नाही. तबल्यावर मध्ये शाई चढवली की ते जुळतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच हे दाखवलं होतं. तयार कानाचा माणूस डोळे मिटून सांगेल की पुडीवर शाई आहे की नाही, आणि उडाली असेल तर तेही. विश्वाच्या त्या नादात डार्क मॅटरनं शाईचं काम केलं. त्याच्यावर प्रकाशाचा दाब चालत नाही. म्हणून द्रव आत-बाहेर हेलकावे घेत असताना डार्क मॅटर आपल्या जागी साठत राहिलं आणि आतली ओढ टिकवून धरली. साध्या द्रव्याचा वाटा पहिल्या आणि दुसऱ्या शिखराच्या उंचीतल्या फरकात दिसतो, डार्क मॅटरचा तिसऱ्यात. फक्त साधं द्रव्य असतं तर तिसरं शिखर दुसऱ्याहून बरंच खुजं निघालं असतं. प्रत्यक्षात ते जवळजवळ दुसऱ्याइतकंच उंच आहे. प्लांकच्या मोजमापातून गुणोत्तर निघतं साध्या द्रव्याच्या १ भागामागे सुमारे ५.४ भाग डार्क मॅटर.

हे मोजणाऱ्यांचा माझ्या फिरत्या दीर्घिकांशी काही संबंध नव्हता. तेव्हा दीर्घिका जन्मालाच आलेल्या नव्हत्या. तरी आकडा गुच्छांच्या आकड्याला येऊन मिळाला. तुम्ही ताळेबंद जुळताना बघितलेले आहेत, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त जाणवेल.

चौथी वही त्याहून जुनी, विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांची. तेव्हा हायड्रोजनपासून हेलियम बनला आणि थोडं ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, शिल्लक राहिलं. साधं द्रव्य जितकं जास्त, तितकं ड्युटेरियम जास्त जळून जाणार आणि कमी उरणार. ताऱ्यांत ते नष्टच होतं, नव्यानं साठत नाही, म्हणून ही शिल्लक विश्वासार्ह. दूरच्या वायूमेघांमध्ये मोजलं तर दर १ लाख हायड्रोजन अणूंमागे अडीचच्या आसपास ड्युटेरियम सापडतं. त्यावरून साधं द्रव्य विश्वाच्या एकूण ऊर्जा-भांडवलाच्या सुमारे ५ टक्के निघतं. प्लांकही तेच सांगतो. आणि सगळं मिळून द्रव्य आहे ३१ टक्क्यांच्या आसपास. या एका नोंदीमुळे न दिसणारे ग्रह, विझलेले तारे, धूळ, गार वायू हे सगळे उमेदवार बाद होतात, कारण ते अणूंचेच बनलेले. मोठ्या मॅगेलनी मेघाच्या दिशेला अशा विझलेल्या पिंडांचा शोध १९९० च्या दशकात वर्षानुवर्षं घेतला गेला, ते पुरेसे सापडले नाहीत.

(दीर्घिका मुळात बनल्या कशा, हाही पुरावाच आहे. लाखात एक भागाचे उंचसखलपण फक्त साध्या द्रव्याच्या भरवशावर आजपर्यंत एवढं वाढलंच नसतं. तपशिलात जात नाही.)

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आणि ते मी आदरानं मांडते. मॉर्डेहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचवलं की त्वरण फारच कमी झालं की न्यूटनचा नियम बदलतो. याला मॉन्ड म्हणतात. एकट्या दीर्घिकांच्या बाबतीत ही कल्पना चकित करते. एकच स्थिरांक घेऊन शेकडो दीर्घिकांचे वेग ती सांगते, आणि दिसणारं द्रव्य जिथं जसं आहे तसा वेग बदलतो हे मी माझ्या आलेखांत पाहिलं आहे. डार्क मॅटरवाल्यांनी याचं समाधानकारक उत्तर अजून दिलेलं नाही असं माझं मत आहे. पण गुच्छांत गेलं की मॉन्डलाही जवळपास दुप्पट वस्तुमान कमी पडतं, म्हणजे तिथं न दिसणारं काहीतरी त्यांनाही लागतंच. तिसऱ्या शिखरासाठी २०२१ मध्ये एक सिद्धांत आला, तो जुळतो, पण त्यासाठी विश्वाच्या आरंभी डार्क मॅटरसारखंच वागणारं एक क्षेत्र घ्यावं लागलं. आणि १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वलहरी आणि गॅमाकिरण १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर पावणेदोन सेकंदांच्या अंतरानं पोचले, तेव्हा बदललेल्या गुरुत्वाकर्षणाचे बरेच सिद्धांत एका दिवसात मोडले.

शंका घेणं वाईट नाही. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये प्रचलित विश्वरचनेला पर्याय मांडला होता, आणि शेवटपर्यंत अवघड प्रश्न विचारणं सोडलं नाही. मी त्यांच्या निष्कर्षांशी सहमत नाही, पण प्रश्न कसा विचारावा हे त्यांच्याकडून शिकावं.

राहिला "सापडत का नाही" हा भाग. इथं तुमच्या सस्पेन्स खात्याला एक जुना दाखला आहे. किरणोत्सारात एका प्रकारच्या ऱ्हासात ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. नील्स बोर यांच्यासारखा माणूस म्हणू लागला की ऊर्जेचा नियमच तिथं तंतोतंत पाळला जात नसेल. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये न दिसणारा, जवळपास कशाशीच न भिडणारा एक कण सुचवला, फरकाएवढी ऊर्जा घेऊन जाणारा. शुद्ध सस्पेन्सची नोंद. १९५६ मध्ये तो कण, न्यूट्रिनो, सापडला. उलट बुधाच्या कक्षेतला फरक भरायला एकोणिसाव्या शतकात व्हल्कन नावाचा ग्रह नोंदवला गेला, तो कधी सापडला नाही, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइननं नियमच बदलून तो फरक मिटवला. इतिहासात दोन्ही झालंय. म्हणून एका फरकावरून निवाडा करता येत नाही.

न्यूट्रिनो तर स्वतःच एक प्रकारचं डार्क मॅटर आहे. त्याला वस्तुमान असेल तर कोमा गुच्छातलं हरवलेलं द्रव्य तेच असू शकेल, असं रामनाथ कौशिक आणि मॅक्लेलंड यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं. पुढं कळलं की तो फार हलका आणि फार वेगवान आहे; त्याच्या भरवशावर छोट्या दीर्घिका बनल्याच नसत्या. तो कामाचा नाही ठरला, पण प्रकाशाशी संबंध न ठेवणारं द्रव्य निसर्गात असतं एवढं त्यानं दाखवून दिलं.

आज अमेरिकेतल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोल, सात टन द्रवरूप झेनॉन ठेवून डार्क मॅटरच्या कणाची वाट बघितली जाते. इटलीत, चीनमध्येही तसेच प्रयोग आहेत. आपल्याकडे झारखंडात जादुगुडाच्या युरेनियम खाणीत सुमारे ५५० मीटर खोल प्रयोगशाळा आहे. इटलीतल्या एका गटानं वर्षानुवर्षं संकेत मिळाल्याचा दावा केला, पण तशाच स्फटिकांवर इतरांनी केलेल्या प्रयोगांत तो आढळला नाही. मला विचाराल तर एक विशिष्ट प्रकारचा कण सापडेलच अशी जी खात्री होती, ती आता सैल झाली आहे. तो कण खूप हलका असेल, किंवा गुरुत्वाकर्षणाशिवाय आपल्याशी काहीच बोलत नसेल. तसं असेल तर तो खाणीत कधीच सापडणार नाही, आणि तरी वरचे चारही हिशेब तसेच राहतील.

मग माझं मत कशानं बदलेल? प्लांकची तिन्ही शिखरं, गुच्छांचं वजन आणि दीर्घिकांचे वेग हे तिन्ही एकाच नियमानं, न दिसणारं काही न घेता, कुणी जुळवून दाखवले तर मी माझी पंचवीस वर्षांची टिपणं पुन्हा उघडेन. एकेका वहीपुरतं जुळवणं पुरेसं नाही.

नातीसाठी एक काम सुचवते. १७५ दीर्घिकांचे वेग आणि त्यातल्या ताऱ्यांचं, वायूचं माप 'स्पार्क' नावाच्या संचात सर्वांना मोफत मिळतं. आकडे साध्या मजकुरात आहेत. अकरावीचं गणित पुरेसं आहे. तिनं एनजीसी ३१९८ पासून सुरुवात करावी: आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर वेग. मग तारे आणि वायू यांच्यामुळे यायला हवा तो वेग त्याच कागदावर दुसऱ्या रंगात काढावा. दोन रेषांमधलं अंतर तुम्ही दोघांनी मिळून बघा. आणि कार्तिकातल्या अमावास्येला, शहराचे दिवे टाळून, जानापावच्या बाजूला गेलात तर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट ढगासारखी दिसेल. रुबिनबाईंनी मोजलेली तीच. आलेखात काही जुळलं नाही तर तिनं केलेलं गणित जसंच्या तसं मला पाठवा, मी कल आणि अंतर दोन्ही तपासून देते.